उजनीच्या माशांमधली एमएचसी जीन्स कशी अभ्यासायची: सॅम्पलपासून निकालापर्यंत

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की एमएस्सीची पोरं विचारायला लागतात, उजनीच्या माशांवर जेनेटिक्सचा काहीतरी प्रोजेक्ट करायचाय, रोगप्रतिकारशक्तीची जीन्स, म्हणजे एमएचसी, घेऊ का. घ्या की, विषय लई भारी आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथं ॲलील (एकाच जीनचे वेगवेगळे प्रकार) मोजणं सोपंय, मोजलेलं ॲलील खरंच माशाच्या अंगात होतं का आपल्याच पीसीआर (डीएनएचा तुकडा वाढवायची पद्धत) ट्यूबमध्ये जन्माला आलं हे ठरवणं अवघड. आणि शेजारी साधा न्यूट्रल मार्कर (निवडीचा परिणाम न होणारा डीएनएचा तुकडा) नसेल तर "विविधता जास्त आहे", "कमी आहे" ह्या वाक्यांना काडीचा अर्थ नसतो. खाली जे लिहिलंय ते बरचसं ह्या दोन गोष्टींसाठीच लिहिलंय.

कामापुरती थिअरी

एमएचसी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची प्रोटीन्स, जंतूंच्या प्रोटीनचे बारके तुकडे खाचेत धरून टी पेशींना (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवणारी. क्लास वन पेशीच्या आतलं दाखवतं, म्हणजे मुख्यतः व्हायरसचं, आणि क्लास टू बाहेरून गिळलेलं दाखवतं, म्हणजे बॅक्टेरिया, परजीवी वगैरे. तुकडा ज्या खाचेत बसतो तिथली अमिनो आम्लं माशागणिक वेगळी असतात, त्यामुळं एका माशाला जो जंतू "दिसतो" तो दुसऱ्याला दिसेलच असं नाही. सगळी विविधता ह्या खाचेत गोळा झालेली असते म्हणून आपण अख्खं जीन वाचत बसत नाही, क्लास टू बी (क्लास टूच्या एका साखळीचं जीन) घेतलं तर एक्झॉन २ (जीनचा प्रोटीन बनवणारा दुसरा भाग) वाचतो, साधारण २७० बेसचा तुकडा. क्लास वन घेतलं तर एक्झॉन २ आणि ३ दोन्ही लागतात.

माणसात क्लास वन आणि क्लास टू दोन्ही ६ नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारी शेजारी आहेत. हाडांच्या माशांत तसं नाही, ते वेगवेगळ्या क्रोमोसोमवर आहेत, त्यामुळं आजाराशी संबंध सापडलाच तर तो क्लास वनमुळं का क्लास टूमुळं हे वेगळं काढता येतं. माणसात हेच करायला जीव मेटाकुटीला येतो. माशातली एमएचसीची पहिली सीक्वेन्स १९९० साली जपानी गटानं कॉमन कार्पमधनं काढली, म्हणजे आपण ज्याला सायप्रिनस म्हणून तळ्यात सोडतो तोच मासा.

प्रस्तावनेत दोन वाक्यं लिहू नका, एक म्हणजे "एमएचसी क्लास टू शिवाय मासा जगू शकत नाही". अटलांटिक कॉडचा जीनोम २०११ मध्ये आला तेव्हा कळलं की त्याच्याकडं क्लास टू नाहीच, सीडी४ (क्लास टू ओळखायला टी पेशीला लागणारं प्रोटीन) पण नाही, आणि तरी तो समुद्रात मजेत आहे, बदल्यात क्लास वनच्या प्रती भरमसाट वाढवून बसलाय. दुसरं वाक्य "जितकी ॲलील जास्त तितका मासा सुदृढ". युरोपातल्या तीन काट्यांच्या स्टिकलबॅक माशावर २००३ मध्ये जे काम आलं त्यात सगळ्यात कमी परजीवी मधल्या संख्येची ॲलील असलेल्या माशांवर होते, फार कमी असलेल्यांवर नाही आणि फार जास्त असलेल्यांवरही नाही. ह्याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की फार जास्त प्रकार असले की स्वतःवरच हल्ला करू शकणाऱ्या टी पेशी जास्त छाटाव्या लागतात.

टोल-लाइक रिसेप्टर, एनएलआर ही पण रोगप्रतिकाराचीच जीन्स, माशांत भरपूर आहेत, झेब्राफिशमध्ये एनएलआरच्या तर शेकडो प्रती आहेत. पण पहिला प्रोजेक्ट असेल तर तिकडं जाऊ नका.

पायरी १: मासा कुठला

इथं बहुतेक जण डोळे झाकून रोहू घेतात. चालतंय, पण रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे, भीमेचे नाहीत. आपल्याकडं ते मत्स्यबीज सोडून आलेत, म्हणजे सोलापूरच्या रोहूचा इतिहास हा हॅचरीचा इतिहास आहे. त्यामुळं "भीमा नदीतल्या रोहूची नैसर्गिक विविधता" असं टायटल ठेवलं की पहिल्या प्रश्नालाच गाडी अडकणार. उलट हॅचरीत किती पालक मासे वापरले ह्याचा जीन्सवर काय परिणाम झाला, हा प्रश्न रोहूवर झकास बसतो.

चिलापी (तिलापिया) हा दुसरा पर्याय आणि खरं सांगायचं तर मला जास्त आवडणारा. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली, आणि आशियातली ही सगळी चिलापी १९३० च्या दशकात जावा बेटावर सापडलेल्या अगदी मोजक्या माशांची पिलावळ मानली जाते. इतक्या कमी माशांपासून सुरुवात होऊन सुद्धा ती उजनीत सगळ्यांना पुरून उरली, मग तिच्या एमएचसीत काय शिल्लक आहे हे बघण्यासारखंच आहे. फक्त नंतर नाइल चिलापी पण आली आणि दोघींचा संकर होतो, तेव्हा तोंडावरून प्रजात ठरवू नका, सीओआय बारकोड (मायटोकॉन्ड्रियातल्या एका जीनवरून प्रजात ओळखायची पद्धत) करा, आणि संकरासाठी न्यूक्लिअर मार्कर (केंद्रकातल्या डीएनएचा) पण लावा.

अस्सल इथलं पाहिजे असेल तर मरळ, वाम. पण त्यांचे तयार प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) सहजी मिळत नाहीत, सहा महिन्यांचा प्रोजेक्ट असेल तर प्रायमरमध्येच वर्ष जाईल.

क्रोमोसोमकडं पण बघा. रोहूत ५०, सायप्रिनसमध्ये १००, कारण त्याच्या पूर्वजांत अख्खा जीनोम एकदा जास्तीचा डबल झालेला आहे. म्हणजे तेच जीन दोन ठिकाणांहून वाचलं जाणार आणि कुठलं ॲलील कुठल्या जागेचं हे कळणार नाही. नवीन माणसानं सायप्रिनसच्या नादी लागू नये.

पायरी २: सॅम्पल, आणि भावंडांचा घोळ

अख्ख्या प्रोजेक्टात सगळ्यात जास्त डोकं इथं लावा. एका टाकीतली ३० बोटुकली आणली, ३० चा आकडा भरला, सगळे खुश. पण ती ३० च्या ३० एकाच जोडीची पोरं असतील तर एका लोकसमध्ये (क्रोमोसोमवरच्या जीनच्या जागेत) चारपेक्षा जास्त ॲलील सापडूच शकत नाहीत, आईची दोन आणि बापाची दोन. तुम्ही लिहिणार "विविधता धोक्यात आहे" आणि खरं तर तुम्ही एक कुटुंब मोजलंय. म्हणून हॅचरीतनं घेताय तर पालक माशांचेच तुकडे मागा, आणि पिलं घ्यायची तर वेगवेगळ्या दिवशीच्या, वेगवेगळ्या बॅचची थोडी थोडी घ्या.

उजनीतनं घेताना एकाच बोटीची एकाच दिवसाची पकड घेऊ नका. भिगवणच्या बाजूचं, करमाळ्याकडून कुगावचं आणि धरणाकडचं भीमानगरचं असं तीन ठिकाणी विभागलं तर जागेजागेची तुलना पण होते. वरच्या अंगाला पुणे-पिंपरीकडनं येणारं पाणी आणि धरणाजवळचं पाणी ह्यात फरक असतो, तेव्हा हा भेद नुसता नकाशावरचा नाही. तुलनेला वेगळं पाणी पाहिजे तर शहराजवळ हिप्परग्याचा तलाव आहेच. प्रत्येक ठिकाणचे ३० तरी मासे असावेत.

लिलावाच्या ठिकाणी विकायच्या माशाचा शेपटीचा पर कापला तर व्यापारी ओरडतो, बरोबरच आहे त्याचं. मग मासे कापून देणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं, तो पर तसेही फेकूनच देतो. पण त्यानं कापलेला पर उचलू नका, त्याच्या सुरीला आणि फळीला आधीच्या दहा माशांचं रक्त असतं. अख्खा मासा फळीवर पडायच्या आत आपल्या कात्रीनं पोटाखालच्या पराचं टोक घ्यायचं, नखाएवढं पुरतं, कात्री प्रत्येक माशाला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची आणि बोळा दर वेळी नवा घ्यायचा. लांबी, वजन, नर-मादी कळत असेल तर ते, अंगावर जखम आहे का, उवा म्हणजे आर्ग्युलस किती दिसतायत हे तिथल्या तिथं लिहा, घरी येऊन आठवत नसतं.

तुकडा ९५ टक्के किंवा ॲब्सोल्यूट इथेनॉलमध्ये टाका, तुकड्याच्या दहापट तरी इथेनॉल पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी एकदा बदला कारण तुकड्यातलं पाणी निघून ते पातळ होतं. फॉर्मॅलिन चुकूनही नको, डीएनएची वाट लागते. ट्यूबवर मार्करनं लिहिलेलं इथेनॉल सांडलं की पुसून जातं, सोलापूरच्या मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला झाकणातनं ते पाझरतंच, म्हणून शिसपेन्सिलनं नंबर लिहिलेली कागदाची चिठ्ठी ट्यूबच्या आत टाकायची आणि झाकणाला पॅराफिल्म गुंडाळायची.

जिवंत माशाला हात लावणार असाल तर कॉलेजच्या प्राणी-नैतिकता समितीला आधी विचारा. सॅम्पल परदेशात पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यापेक्षा सीक्वेन्सिंग देशातच करा, सोय आहे.

पायरी ३: डीएनए

ह्यात विशेष काही नाही. २०-३० मिलिग्रॅम तुकडा, एसडीएसवालं बफर, प्रोटीनेज के, ५६ डिग्रीला रात्रभर, मग फिनॉल-क्लोरोफॉर्म, इथेनॉलनं खाली बसवणं, ७० टक्क्यानं धुणं. किट असेल तर किट. डीएनए किती शुद्ध ते सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं पाहिजे आणि जेलवर वरती एक घट्ट बँड दिसला पाहिजे. शेपूट पसरलेली दिसली तर तुकडा सडलेला होता. प्रत्येक बॅचमध्ये एक रिकामी ट्यूब, म्हणजे तुकडाच न टाकलेली, शेवटपर्यंत सोबत न्या, तिच्यात काही वाढलं तर कुठंतरी भेसळ झालीय.

पायरी ४: प्रायमर आणि पीसीआर

जेनबँकेतनं (सीक्वेन्सच्या ऑनलाइन साठ्यातनं) तुमच्या माशाच्या आणि त्याच्या जवळच्या नातेवाईकांच्या क्लास टू बी सीक्वेन्स उतरवा, एकाखाली एक लावा आणि प्रायमर सगळ्यात कमी बदलणाऱ्या जागी बसवा, शक्यतो एक्झॉन २ च्या बाहेर दोन्ही बाजूंना. एक्झॉनच्या आतच बसवला तर ज्या ॲलीलला तिथं बदल आहे ते वाढणारच नाही, आणि तुम्हाला कळणारही नाही की ते सुटलं. दोन वेगळ्या प्रायमर जोड्यांनी थोडे मासे तपासून बघा, दुसऱ्या जोडीनं नवीन ॲलील दिली तर पहिली जोडी गळकी आहे.

आता कायमेरा. एका माशात सारखी दिसणारी पण वेगळी चार-पाच ॲलील एकत्र वाढत असतात, एखादी साखळी अर्धवट वाढून सुटते आणि पुढच्या सायकलला शेजारच्या ॲलीलला चिकटून पूर्ण होते. यंत्रमागावर धागा तुटला आणि कामगारानं घाईत शेजारच्या रंगाच्या धाग्याला गाठ मारली तर कापडात जशी नवीनच पट्टी दिसते तसंच, डिझाइनमध्ये ती नव्हतीच. हे कमी करायला सायकली २५ ते २८ च्या वर नेऊ नका, ७२ डिग्रीची वेळ सढळ ठेवा, मिनिटभर तरी, आणि प्रूफरीडिंग असलेलं चांगलं पॉलिमरेज वापरा. बँड फिका आला म्हणून ४० सायकल मारणारे लोक आहेत, त्यांचे पेपर वाचताना मला फक्त त्यांचा कायमेरा दिसतो. आणि प्रत्येक माशाचा पीसीआर दोनदा, वेगवेगळ्या दिवशी. खर्च वाढतो, माहितीय, मासे थोडे कमी करा पण हे सोडू नका.

पायरी ५: सीक्वेन्सिंग

पीसीआरचा माल सरळ सँगर सीक्वेन्सिंगला (एका वेळी एकच तुकडा वाचायच्या पद्धतीला) पाठवला तर एकावर एक चढलेली शिखरं येतात, कारण आत एकापेक्षा जास्त ॲलील असतात. मग एकतर क्लोनिंग करून एकेक क्लोन वाचायचा, नाहीतर प्रत्येक माशाला वेगळा बारकोड लावून इल्युमिनावर (लाखो तुकडे एकदम वाचणाऱ्या मशीनवर) एकत्र वाचायचं. क्लोनिंग लहान प्रोजेक्टला ठीक आहे पण माशामागं बरेच क्लोन वाचले नाहीत तर कमी वाढणारी ॲलील सुटतात. २७० बेसच्या तुकड्याला इल्युमिनाचे दोन्ही बाजूंचे २५० बेसचे रीड (वाचलेले तुकडे) मस्त पुरतात, माशामागं काहीशे तरी रीड पाहिजेत.

पायरी ६: खरं ॲलील कुठलं

इथं घाई करायची नाही. मी पोरांना जी चाळणी लावायला सांगतो ती अशी: दोन्ही पीसीआरमध्ये आलं तरच ठेवा. एकाच माशात दिसलं असेल तर डबल संशय घ्या. एकाच बेसचा फरक असलेलं आणि शेजारच्या तगड्या ॲलीलपेक्षा खूपच कमी रीड असलेलं असेल तर ती बहुतेक वाचनातली चूक आहे. डावा अर्धा एका ॲलीलचा आणि उजवा अर्धा दुसऱ्याचा, आणि ती दोन्ही त्याच माशात जास्त रीडनं हजर असतील, तर तो कायमेरा, काढून टाका. जमलेल्या सीक्वेन्सचं अमिनो आम्लात भाषांतर करा, मध्येच स्टॉप कोडॉन आला किंवा तीनच्या पटीत नसलेली गाळ-भर दिसली तर ते एकतर चूक आहे नाहीतर मेलेलं जीन, खात्री पटल्यावर वेगळ्या यादीत ठेवा, फेकू नका.

एका माशात जास्तीत जास्त सात ॲलील निघाली तर कमीत कमी चार लोकस आहेत, कारण एका लोकसला दोनच मावतात. कुठलं ॲलील कुठल्या लोकसचं हे कळत नसेल तर हेटरोझायगॉसिटी (किती माशांत एका लोकसला दोन वेगळी ॲलील आहेत ते) काढायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक माशात किती ॲलील एवढंच सांगा. ह्या जीन्सपैकी चालू कुठली हे बघायचं असेल तर ताज्या माशाच्या डोक्याकडच्या किडनीतनं किंवा प्लीहेतनं आरएनए काढा, माशाला आपल्यासारखा अस्थिमज्जा नसतो, रक्तपेशी बनवायचं काम तिथंच चालतं.

नावं द्यायची पद्धत ठरलेली आहे, प्रजातीच्या शास्त्रीय नावातली दोन-दोन अक्षरं, मग जीन, मग तारा आणि नंबर. लेबिओ रोहिता म्हणून लारो, पुढं जीनचं नाव डीएबी, तारा, ०१०१. मनानं नावं ठेवू नका.

रोहूत कटल्यासारखं ॲलील सापडलं तर लगेच "संकर पकडला" म्हणून नाचू नका. एमएचसीची ॲलील प्रजाती वेगळ्या व्हायच्या आधीपासूनची असू शकतात, दोन प्रजातींत जवळजवळ सारखी सापडतात, हे नेहमीचंच आहे. आपल्याकडं हॅचरीत रोहू-कटला संकर होतात हे पण खरंय, म्हणून तपासाच, पण सीओआयनं फक्त आई कळते, कारण मायटोकॉन्ड्रिया आईकडनंच येतो. संकर सांगायला न्यूक्लिअर मार्कर पण पाहिजे.

पायरी ७: आकडे

न्यूक्लिओटाइड विविधता, ॲलीलमधलं अंतर, खाचेतल्या आणि खाचेबाहेरच्या कोडॉनचं डीएन/डीएस (अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या फरकांचं गुणोत्तर), हे सगळं मेगा आणि डीएनएएसपी ह्या सॉफ्टवेअरमध्ये निघतं. खाचेतले कोडॉन कुठले हे माणसाच्या एचएलए-डीआर१ ह्या क्लास टू प्रोटीनच्या १९९३ च्या स्फटिक रचनेवरून धरायची पद्धत आहे. खाचेत डीएन/डीएस एकपेक्षा जास्त आलं तर ते जुन्या काळापासूनच्या निवडीचं लक्षण आहे, गेल्या दहा वर्षांत उजनीत काय झालं ते त्यातनं कळत नाही. लोक इथं सर्रास गल्लत करतात.

आत्ताचं कळायला त्याच माशांवर आठ-दहा मायक्रोसॅटेलाइट (सुरुवातीला म्हटलेले न्यूट्रल मार्कर) चालवा, रोहू आणि चिलापी दोन्हीसाठी छापील प्रायमर आहेत. मग ताडून बघा. दोन्हीकडं विविधता कमी असेल तर सरळ पालक मासे कमी पडलेत. मायक्रोसॅटेलाइट कमी पण एमएचसी टिकून असेल तर निवड ती धरून ठेवतेय, चिलापीत हे आलं तर पेपर झाला समजा. मायक्रोसॅटेलाइट भरपूर आणि एमएचसीच कमी असेल तर आधी प्रायमरवर संशय घ्या, निसर्गावर नंतर. आणि भिगवण-भीमानगरमध्ये एमएचसीचा फरक न्यूट्रलपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर जागेप्रमाणे जंतू वेगळे असावेत, त्याचा शोध घ्यायला हरकत नाही.

पायरी ८: आजाराशी जोडायचं असेल तर

उवा झालेले आणि न झालेले मासे एकाच तळ्यातले, एकाच वयाचे पाहिजेत. २० ॲलील तपासली तर ०.०५ च्या हिशोबानं एखादं नुसत्या योगायोगानं "महत्त्वाचं" निघतंच, म्हणून दुरुस्ती लावा किंवा परम्युटेशन करा. भावंडांचा घोळ इथं परत येतो, एक कुटुंब मुळातच तगडं असेल तर त्याचं एमएचसी ॲलील उगाच श्रेय घेऊन जातं. आणि मुळात प्रतिकार एमएचसीमुळंच असेल असं नाही. सॅमनमध्ये आयपीएन नावाच्या व्हायरसला प्रतिकार देणारा मोठा जीनपट्टा स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या गटांनी २००८-०९ च्या सुमारास शोधला, पुढं त्यामागं एपिथेलियल कॅडहेरिनचं जीन निघालं, पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं प्रोटीन.

पायरी ९: हॅचरीवाल्याला काय सांगायचं

निकाल घेऊन गेलात की तो विचारणार, "चांगलं ॲलील कुठलं ते सांगा, तेच मासे ठेवतो." सांगू नका. एका जंतूला चांगलं असलेलं ॲलील दुसऱ्याला कुचकामी असू शकतं, आणि तेवढेच मासे ठेवले तर बाकीची सगळी ॲलील जातात. भुवनेश्वरच्या सीफा ह्या मत्स्यसंशोधन संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं १९९२ पासून जयंती रोहू निवडीनं तयार केली, तेव्हा निवड वाढीसाठी होती पण कुटुंबं वेगवेगळी ठेवून, नोंदी ठेवून केली. आपल्या हॅचरीवाल्याकडनं एवढं होणार नाही, पण नर-माद्यांचा हिशोब त्याला कागदावर करून दाखवा. खरी पालकसंख्या म्हणजे नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. ५ नर आणि ५० माद्या वापरल्या तर मासे ५५ दिसतात पण हिशोबात १८ च धरायचे, आणि एका पिढीत अंतःप्रजनन जवळपास पावणेतीन टक्क्यानं वाढतं. तेच २५ नर आणि २५ माद्या घेतल्या तर मासे पाच कमी, हिशोबात पूर्ण ५०, आणि वाढ एक टक्का. दाबून अंडी काढत असेल तर सगळ्या नरांचं मिल्ट (वीर्य) एका वाटीत मिसळू नको म्हणा, ज्याचे शुक्रजंतू जोरात पळतात तोच बहुतेक पिलांचा बाप होतो. मादीची अंडी दोन-तीन वाट्यांत वाटायची आणि प्रत्येक वाटीला वेगळा नर. दर दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या हॅचरीचे, आणि शक्य असेल तर गंगेकडच्या नदीतल्या बीजापासून वाढवलेले पालक मासे आणायला सांगा, आणि आल्या आल्या त्यांच्या पराचा एकेक तुकडा इथेनॉलमध्ये टाकून घ्या.